गढूळ पाण्यातला उजेड

अण्णाप्पा मगदूम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच्यासाठीच दोन मासिकं बाजूला काढत होतो. हृदयविकार... कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. त्याला आता महिना होईल.

कागलच्या शाळेपासूनचे आम्ही मित्र. पुढे एकाच कॉलेजात मी ग्रंथपाल झालो, तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागला. एका पुरात त्याने पंचगंगेत उतरलेला पाणबुड्या पाहिला. नावेतल्या माणसांशी बोलायला त्याच्याकडे फक्त कमरेची दोरी होती. ती पाण्याखाली गेलेल्या बाभळीत गुंतली आणि खाली माणूस अडकलाय हे वर कुणाला कळेना. तो वाचला, पण अण्णाप्पाच्या डोक्यातून ती दोरी गेली नाही. रेडिओच्या लहरी पाण्यात लगेच विरतात, उजेड त्याहून लांब जातो. डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने दिवा लुकलुकवून त्यातून आवाज पलीकडे न्यायचा, हा त्याचा ध्यास. विहिरीच्या निवळ पाण्यात ते जमलं. गढुळात जमेना. मग दुधाच्या कॅनमधून पुराचं पाणी आणून त्याने प्रयोगशाळेतली लांब काचेची टाकी भरली.

एका सोमवारी पलीकडच्या स्पीकरमधून त्याचाच आवाज खणखणीत आला, "काय पावणं, जेवलासा काय?" पोरांनी टाळ्या पिटल्या. अण्णाप्पा मात्र टाकीत वाकून बघत राहिला.

"मावशी, पाण्यात काय घातलंसा?"

"तुरटी फिरवली की," झाडलोट करणाऱ्या शांतामावशी म्हणाल्या. "असलं घाण पाणी कोण ठेवतंय व्हय?"

आमच्याकडे घरात पुराचं पाणी असंच निवळून घेतात. सगळे हसले, तोही हसला. "नदीला तुरटी कोण फिरवणार, मावशी?" म्हणत त्याने टाकी रिकामी करायला घेतली.

"आजच्या दिवस राहू दे की," मी म्हटलं.

"आणि पाणबुड्याला काय सांगू? पाणी निवळल्यावर बुड म्हणून?"

परवा प्रयोगशाळेत गेलो. त्याच्या स्टुलावर त्याची विद्यार्थिनी रुक्साना बसली होती. कॉलेजच्या प्रदर्शनात स्वच्छ पाण्यातला प्रयोग दाखवा, असं तिला कुणीतरी सुचवलं होतं. तिने सरळ नाही म्हटलं. टाकीत नदीचं तांबूस पाणी होतं, पलीकडचा दिवा दिसतही नव्हता. ती माइकमध्ये म्हणाली, "मी खाली आहे, ऐकू येतंय का?" बराच वेळ नुसती खरखर... मग स्पीकरमधून आलं, "...खाली आहे..."

तेवढंच. रुक्सानाने दिवा जरासा सरकवला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.