तोकिएबाईंनी लावलेली रांग

ओसाकात उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो जेवायचा. आमच्या बाजारपेठेच्या तोंडाशी, स्टेशनच्या जिन्याखालीच तोकिएबाईंचं सुई-दोरा-बटणांचं दुकान आहे, त्यामुळे तो प्रश्न थेट त्यांच्यावर जाऊन आदळतो. बटण मागायला कोणी आलेलं मी तरी अलीकडे पाहिलेलं नाही. माझं चपलांचं दुकान बरोबर समोर. माझ्याकडेही कोणी येत नाही, म्हणून ऐकायला वेळच वेळ.

"मावशी, इथे जवळपास काही चांगलं मिळेल का खायला?"

"इथे? इथे काय ठेवलंय? कालव्याकाठी जा. झगमगाट दिसेल, तिथे ऑक्टोपस घातलेले गरम गोळे मिळतात. तोंड भाजून घ्या आणि फोटो काढा."

गिऱ्हाईक टोकियोचं निघालं, तर बाईंना जास्तच चेव यायचा. "टोकियोचे होय? मग तुम्हाला काळं, खारट सूपच गोड लागणार. स्टेशनातच खा, उगाच कशाला पाय दुखवता?" तो बिचारा कमरेत वाकून आभार मानून जायचा.

तो दिसेनासा झाला की बाई दुकानाला कडी घालून मागच्या गल्लीत शिरायच्या. तिथे हिरोकावा मालकांची उदोनची टपरी. जाड, मऊ शेवया, समुद्री शेवाळाचं फिकट सोनेरी सूप आणि वर साखरेत मुरवलेला तळलेल्या तोफूचा तुकडा. या शहरात याच्यापेक्षा चांगला वाडगा मिळत नाही, हे आम्हा चारपाच दुकानदारांना माहीत होतं आणि ते बाहेर फुटू नये याची चोख व्यवस्था तोकिएबाईंनी केली होती. गर्दी झाली की चव बिघडते, असं त्यांचं शास्त्र. खरं कारण एवढंच, की कोपऱ्यातलं स्टूल त्यांना रिकामं लागायचं. नवरा गेल्यापासून दिवसातलं धड बोलणं त्या तिथेच करायच्या. मालक तर बोलायचेच नाहीत, नुसते "हं" म्हणायचे. बाईंना तेवढं पुरायचं.

एका दुपारी मालकांनी वाडगा ठेवता ठेवता सांगितलं, "महिनाअखेरीला बंद करतोय."

बाईंच्या चॉपस्टिक्स हातातच राहिल्या. मी शेजारच्याच स्टुलावर होतो आणि बाकीची सगळी स्टुलं रिकामी होती. ती कोणी रिकामी ठेवली, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घ्यावा, तर तो असा नेम धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला, न्हाव्याला आणि चहापत्तीवाल्याच्या बायकोला टपरीबाहेर उभं केलं.

"आत जायचं नाही," त्यांनी बजावलं. "नुसतं उभं राहायचं. आणि तोंडावर भूक दिसू दे, न्हावीबुवा. तुम्ही मयताला आल्यासारखे दिसताय."

ओसाकाच्या माणसाला थांबायचा कंटाळा, असं आम्ही जगाला अभिमानाने सांगतो. पण दुसऱ्याला काहीतरी मिळतंय आणि आपल्याला नाही, हे ओसाकाच्या माणसाला जास्त झोंबतं. थोड्याच वेळात एक कोटवाला माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्यामागे दोन बायका आल्या.

"कशाची रांग आहे हो?" एकीने विचारलं.

"माहीत नाही," कोटवाला म्हणाला. "पण हे लोक हलत नाहीयेत, म्हणजे काहीतरी जबरदस्तच असणार."

आठवड्याभरात रांग गल्लीच्या बाहेर आली. माझ्या दुकानासमोर माणसं तासन्तास ताटकळू लागली, पण चप्पल कोणी विकत घेतली नाही. महिनाअखेर आली आणि गेली, टपरी चालूच. तोकिएबाई तर आपणच सूप शोधून काढल्यासारख्या मिरवत होत्या. फक्त त्यांनाही आता रांगेत उभं राहावं लागे.

एक दिवस दुपारी आमचा दोघांचा नंबर एकदमच लागला. मालकांच्या गुडघ्याला पट्टी होती आणि ते कट्ट्याला टेकून वाढत होते.

"आता कशाला बंद करताय, मालक?" बाई लाडात येऊन म्हणाल्या.

"नाहीच करत. दारात माणसं उभी असताना दार कसं लावू?"

"मग तोंड एवढंसं का?"

मालकांनी वाडगा ठेवला, पण नेहमीसारखे मागे वळले नाहीत. "गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हतो बंद करत, तोकिए-सान," ते म्हणाले. "पोटापुरतं होतं. इतकी वर्षं तुम्ही बसून खाता, मी उभा राहून बघतो. म्हटलं, हात मोकळे झाले की कुठेतरी जाऊ. दोघं. एका टेबलाशी."

माझ्या तोंडात शेवया होत्या. गिळायचीसुद्धा लाज वाटली.

बाई वाडगा तसाच टाकून उठल्या, त्यांच्या मागोमाग मीही. बाई दारावरचा पडदा सारून बाहेर गेल्या आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात रांगेला म्हणाल्या, "अहो, कशाला उभे आहात? इथलं सूप म्हणजे कोमट पाणी. तोफू शिळा. कालव्याकाठी जा, तिथे चांगलं मिळतं."

रांगेतलं कोणीही हललं नाही.

"मावशी," पुढचा तरुण गोड हसून म्हणाला, "नंबर लावायचा असेल तर शेवट तिकडे आहे."

"बघितलंस?" त्याच्या मागची बाई मैत्रिणीला म्हणाली. "इथल्याच लोकांना आपण नकोय. म्हणजे हेच ते दुकान." दोघी आणखी एक पाऊल पुढे सरकल्या.

तोकिएबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू? त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून मालकांचा दमलेला आवाज आला.

"पुढचे दोघं, या."