देवळावरून जाणारी बोट

आमच्या गावच्या महादेवासमोरून कुणी बसून जात नसे. बैलगाडी असो की सायकल, माणूस खाली उतरायचा, उभ्यानं हात जोडायचा आणि मग पुढं निघायचा. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की पुढं गाव धरणात गेलं, देऊळ पाण्याखाली गेलं, तरी ती सुटली नाही. आणि मी त्याच पाण्यावर मोटारबोट चालवत होतो.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला सरकारची ही बोट आली. आमचं नवं गाव एका काठाला, निम्म्या लोकांची शेतं आणि बाजाराची एसटी दुसऱ्या काठाला. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. मला पोहता येत होतं, तेही विहिरीत शिकलेलं. तेवढ्या लायकीवर मला चालक केलं आणि शिकायला नांदेडला, गोदावरीवर बोट चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे धाडलं. त्यांनी इंजिन, पंखा, सुकाणू सगळं शिकवलं, पण रोज बजावायचे ते एकच, "बोट में कोई खडा नक्को. तुम भी नक्को."

बोटीत उभं राहायचं नाही, हे इकडे कुणाला सांगू? लाइफ जॅकेटं आली तर मंडळींनी ती मऊ लागतात म्हणून बुडाखाली घेतली. अंगात घातल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढायचीच नाही असा हट्ट धरून तेवढं मी साधलं. पण देवळाची जागा आली की सगळेच्या सगळे उठून उभे. बोट डुलायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. मी खेकसायचो, ते हसायचे. "देवासमोरून बसून जावं का रे? तुझा बाप गेलता का कधी?" हे उत्तर ठरलेलं. बाप गेला नव्हता हे खरं, पण त्याच्याकडे बोटही नव्हती.

मग दुष्काळ पडला. पाणी उतरत गेलं तसं बुडालेलं गाव वर येऊ लागलं. भरल्या धरणात डोळे झाकून नेता येणारी बोट आता जुन्या गल्ल्यांवरूनच न्यावी लागे. वेशीपासून सरळ, तेल्याच्या घराशी डावीकडं. जरा चुकलो की पडक्या भिंतीवर पंखा आपटायचा. खरं सांगायचं तर मला यात भारी मजा यायची. अनवाणी हुंदडलेल्या गल्लीतून मी आता बोट हाकत होतो.

पण बोट धोक्याची झाल्याचं कुणीतरी लातूरच्या नव्या कचेरीत कळवलं. तिथून साहेबांचा निरोप आला की ते स्वतः बसून बघणार, आणि माणसं नीट बसत नसतील तर धरण भरेपर्यंत बोट बंद. म्हणजे सगळ्यांना पुन्हा वळसा, आणि मी घरी.

साहेब आले त्या दिवशी आईही काठावर हजर. ती या बोटीत कधी बसली नव्हती. "गाव गिळलेल्या पाण्यावर मी बसत नसते," म्हणून वळशाच्या रस्त्यानं जायची. पण देऊळ गावाच्या सखल अंगाला असूनही त्याचा कळस आता पाण्याखाली हातभरच राहिलाय, हे तिच्या कानावर गेलं होतं. मुकाट्यानं जॅकेट घालून ती साहेबांशेजारी बसली.

देवळाजवळ मी इंजिन बंद केलं, पंखा वर उचलून घेतला आणि बसल्या बसल्या बांबूनं बोट रेटू लागलो. पाण्याखाली कळस दिसला. झालं, मंडळी उठू लागली. कळस बघायला साहेबही अर्धवट उठले. बोट एका अंगाला कलली. संपलं सगळं, असं मी मनाशी म्हणून टाकलं.

आईनं साहेबांची बाही धरली आणि त्यांना खाली ओढलं. "बस लेकरा." मग बाकीच्यांकडं वळून म्हणाली, "देव समोर असला तर उभं ऱ्हायचं. आता आपण त्याच्या वर आलोत. देवाच्या डोक्यावर उभं ऱ्हातेत का कुनी?"

एकेक करत सगळे बसले. कुणी चपला काढल्या, ते पाहून साहेबांनीही बूट काढले. बोट सावरली. मला हायसं वाटलं आणि रागही आला. इतके दिवस मी उगाच घसा कोरडा केला होता.

मग आईला पाण्यात हात घालायचा होता. मी बाकीच्यांना बसल्या बसल्या दुसऱ्या अंगाला सरकायला लावलं, साहेबांनी तिच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला, आणि ती वाकली. कोपरापर्यंत हात आत गेला. तिची बोटं कळसावर फिरत होती.

"हाय," ती म्हणाली. "जागेवर हाय."

बोट चालू राहिली. पुढं पाऊसकाळ चांगला झाला, धरण भरलं, कळस खोल गेला. आई दर सोमवारी बोटीत यायची. ती जागा आली की गरज नसताना मी इंजिन बंद करायचो आणि सगळे बसून हात जोडायचे. आई पाण्यात हात घालायची. हाताला काहीच लागत नसे. तरी ती "हाय" म्हणायची, आणि मग मी दोरी ओढायचो.