कानबाई एक दिवस आधी निघाली

प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत आलेला वास नेहमीचाच होता. त्याचे प्रमाण मात्र नेहमीचे नव्हते. मी हातातली बाटली खाली ठेवून बाहेर पाहिले. प्लँटच्या आवारात उभ्या असलेल्या टँकरखालून पाण्यासारखा स्वच्छ द्रव धो धो वाहत होता, आणि टँकरचा ड्रायव्हर केबिनच्या पायरीवर पाय ठेवून वर चढत होता.

तो द्रव पाणी नव्हता. ते हेक्झेन होते.

वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन प्लँट होता. तेलबिया कितीही दाबल्या तरी पेंडीत थोडे तेल राहतेच. ती पेंड हेक्झेनने धुतली की उरलेले तेल त्यात उतरते. मग हेक्झेन तापवून उडवायचे, थंड करून पुन्हा गोळा करायचे आणि तेल वेगळे घ्यायचे. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत सरपटते, उतार शोधते. वाटेत कोठे ठिणगी भेटली की पेटते, आणि तो जाळ आल्या वाटेने उलट धावत येतो. म्हणून आमच्या गेटवर बिडी-काडी काढून ठेवावी लागे, खिळ्यांच्या वहाणा चालत नसत, नट-बोल्टचे पानेसुद्धा ठिणगी न पाडणाऱ्या पितळेचे असत.

मी तेथे केमिस्ट होते. रसायनशास्त्राची पदवी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली होती, पण पहिली नोकरी मिळाली ती मुले हायस्कुलात गेल्यानंतर, चाळिशीच्या उंबरठ्यावर. स्वभावाने मी भिडस्त. मीटिंगमध्ये मी बोलले की मॅनेजर साहेब म्हणत, "मॅडम, जरा मोठ्यानं. भिंतीला कान असतात, पण माझे तेवढे चांगले नाहीत." सगळे हसत. मीही हसे आणि गप्प बसे.

तो श्रावणातला रविवार होता. कानबाईचा रविवार. खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी भाऊबंदांपैकी एकाच्या घरी बसते, नारळाच्या रूपात. तिच्यापुढे दिवा लावतात, रोटांचा आणि पुरणपोळ्यांचा स्वयंपाक होतो, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यात पोहोचवतात. त्या दिवशी परगावी असलेली माणसेदेखील घरी येतात. आमचे बहुतेक कामगार प्लँटच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत राहत. सगळे सुटीवर होते. सीझन सुरू व्हायला अवकाश असल्यामुळे प्लँट बंदच होता. फक्त टाकी भरून ठेवायची होती. टँकर सुरतेकडून आदल्या दिवशी येऊन थांबला होता आणि ड्रायव्हरला परतायची घाई होती. सॅम्पल तपासल्याशिवाय माल उतरवता येत नाही, म्हणून मला धुळ्याहून बोलावून घेतले होते. सॅम्पल मी पास केले होते आणि माल उतरू लागला होता. मॅनेजर साहेब एका लग्नाच्या बोलणीसाठी जळगावला गेले होते.

माझ्याखेरीज आवारात तीनच माणसे होती: ड्रायव्हर, गेटवरचे वॉचमन आबा आणि ऑपरेटर हिंमत नाना.

मी धावले. टँकरला जोडलेल्या नळीचे कपलिंग निसटून पडले होते. ड्रायव्हरच्या हातात किल्ली होती.

"गाडी चालू करू नका!"

हा आवाज माझा होता, हे मला नंतर उमजले.

"मॅडम, निकालने दो, नहीं तो गाडी जल जायेगी!"

"चालू केलीत तर आत्ताच जळेल. तुमच्यासकट."

त्याने खाली पाहिले. टँकरची चाके त्या द्रवात उभी होती. मी हात पुढे केला. किल्ली त्याने माझ्या तळहातावर ठेवली नाही, ती त्याच्या बोटांतून गळून पडली. नाना पितळी पाना घेऊन आले. मुख्य व्हॉल्व अडकलेला होता. नाना आणि ड्रायव्हर त्यावर अक्षरशः लोंबकळले, तेव्हा तो बसला आणि धार थांबली.

तोवर आबा सायरनच्या बटणाकडे निघाले होते.

"आबा, सायरन नको!"

"अहो, साहेबांची ऑर्डर आहे! काही झालं की आधी सायरन!"

ऑर्डर खरी होती. पण सायरन वाजला की वस्तीतल्या सगळ्यांनी बादल्या घेऊन प्लँटकडे धावायचे, अशी आमची ड्रिल होती. शिवाय ते बटण साधे होते. दाबताना आत ठिणगी पडते. "त्या बटणाला हात लावू नका. गेट उघडा, रस्त्यावरच्या गाड्या दूर थांबवा," मी म्हणाले. आबा कुरकुरत गेले.

आता भीती नाही, असे मला वाटले. सांडलेले सगळे गटारीतून एका पक्क्या खड्ड्यात जमावे, अशी व्यवस्था होती. खड्ड्याच्या पुढे गटार भिंतीखालून वस्तीच्या नाल्याकडे जाई. त्या तोंडाशी लाकडी फळी बसवलेली असे. फळी खाली असली की प्लँटमधला थेंब बाहेर जात नसे.

मी खड्ड्यात पाहिले. खड्डा जवळजवळ रिकामा होता.

एवढा माल सांडला होता, आणि खड्डा रिकामा! मी नानांकडे पाहिले. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "फळी वर शे."

"कोणी उचलली?"

"मीच उचली, सकायले. नालामा पानीच नव्हतं. उद्या कानबाईले कोठे नेतूत?"

पावसाने ओढ दिली होती. नाला आटला होता. नानांनी कूलिंग टॉवरच्या हौदातले जादा पाणी गटारीत सोडले होते आणि फळी उचलून ते वस्तीकडे जाऊ दिले होते. बायकांनी नाल्याला खाली मातीचा बांध घातला होता, म्हणजे उद्यापर्यंत डोह साचावा. हेक्झेन पाण्यावर तरंगते. देवीसाठी सोडलेल्या त्या पाण्याच्या पाठीवर बसून ते वस्तीत चालले होते. आणि वस्तीत, कानबाईच्या दिवशी, प्रत्येक दारापुढे चूल पेटलेली होती.

नाना वस्तीकडे धावायला वळले. मी त्यांचा सदरा धरला.

"नाना, तुम्ही फळी पाडा. पाणी बंद करा. ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. वस्तीत मी जाते."

"मन्हा नातू तठे शे..."

"म्हणूनच."

ते फळीकडे गेले. मी गेटमधून बाहेर पडले.

वस्ती म्हणजे नाल्याच्या काठाने गेलेली खोल्यांची एकच रांग. दारोदार चुलींवर मातीची खापरे तापत होती आणि बायका त्यांवर हातभर मोठ्या पुरणपोळ्या टाकत होत्या. गाणे चालू होते. मुले बांधावर माती थापत होती. डोहातल्या पाण्यावर एक पातळ थर थरथरत होता. पाणी आणि तो थर वेगळे आहेत, हे फक्त मला दिसत होते. वारा प्लँटकडून वस्तीकडे होता.

"सगळ्यांनी चुली विझवा!" मी म्हणाले. "मुलांना घ्या आणि बाहेर चला!"

एकीने वर पाहिले. "मॅडम, पहिले पोळी खाई ल्या!"

"रविवारना बी काम लावतस का वं?" दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

मी पुन्हा ओरडले. गाण्यात ते बुडाले. एक तरणा गडी आपुलकीने म्हणाला, "बसा ना मॅडम, खाट टाकू का?" मला रडू येईल असे वाटले. आणि आग म्हणून ओरडावे, तर प्रत्येक जण आधी सामान काढायला घरात शिरेल, हेही दिसत होते.

मी मधल्या खोलीत शिरले. ते नानांचे घर. कानबाई तेथेच बसली होती. नानांच्या थोरल्या भावजय, ज्यांना सारी वस्ती अक्का म्हणे, पाटापुढे बसल्या होत्या. नुकतीच स्थापना झाली होती. नारळाला डोळे, नथ, लुगडे, पुढे समई.

"अक्का, नाल्यातून पेट्रोलसारखं वाहून आलंय. कुठल्याही चुलीवर पेटेल. वस्ती रिकामी करायची आहे. हा दिवासुद्धा मालवावा लागेल."

फळी कोणी उचलली, ते मी सांगितले नाही. ते सांगितले असते तर वस्तीत प्रथम भांडण पेटले असते.

अक्कांनी नाकाने खोल श्वास घेतला. वास त्यांनाही आला.

"कानबाई आत्तेच बठेल शे," त्या हळू म्हणाल्या, "नं तुम्ही सांगतस दिवा मालवा?"

"मला लोक हलवता येत नाहीत, अक्का. माझं कोणी ऐकत नाही. तुम्हीच सांगा, कसं करू?"

त्यांनी देवीकडे पाहिले. मग त्या उठल्या.

"तुम्हनं नही ऐकाव. मन्हं बी नही ऐकाव," त्या म्हणाल्या. "कानबाई उठनी म्हणजे बठ्ठा लोके उठतीन."

त्यांनी दोन बोटे तांब्यात बुडवली आणि ज्योत चिमटीत धरली. चर्र आवाज झाला. "चाल माय," त्या नारळाशी बोलल्या, "आज लवकर निंघनं पडी." देवीचा पाट डोक्यावर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, आणि जो आवाज त्यांनी काढला तसा मी जन्मात ऐकलेला नाही.

"कानबाई निंघनी! चुल्हावर माटी टाका, नं चाला!"

गाणे तुटले. "आत्तेच? उद्या ना वं अक्का?"

"तिले आत्तेच जानं शे! तू तिले इचारशी का?"

पुढे जे झाले ते मी आजही पुरतेपणी समजावून सांगू शकत नाही. कोणी वाद घातला नाही. कोणी सामानासाठी घरात शिरले नाही. कानबाई उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागे थांबायचे नसते, एवढे एकच कारण त्यांना पुरले. हाताने, ताटलीने, पायाने चुलींवर माती पडली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले गेले, मुले काखेत आली. कोणी तरी सवयीने डफ वाजवू लागला. अक्का नाल्याकडे वळल्या नाहीत. मी हात केला त्या बाजूच्या, वाऱ्याला आडव्या असलेल्या चढावरच्या माळाकडे चालू लागल्या, आणि सगळी वस्ती त्यांच्या मागे चालली. मी सर्वांच्या शेवटी होते. वास आता घशाला लागत होता.

आम्ही माळावर पोहोचलो. अक्कांनी पाट खाली ठेवला. मी मागे वळून मोजणी करावी म्हणून तोंड उघडले.

भक्क!

स्फोट म्हणावा असा आवाज नव्हता. एखाद्या अजस्र माणसाने श्वास आत ओढावा तसा होता. रांगेच्या टोकाच्या खोलीमागे कोठे तरी मातीखाली निखारा जिवंत राहिला असावा. डोहावरून जाळाची एक चादर उठली, रांगेच्या दारांवरून फिरली आणि नाल्याच्या वाटेने प्लँटच्या भिंतीकडे धावत गेली. जिथे क्षणापूर्वी खापरे होती, तिथे जाळाशिवाय काही दिसेना. डफ थांबला होता.

जाळ भिंतीपाशी गेला आणि थांबला. फळी खाली होती.

पण नाना?

बऱ्याच वेळाने भिंतीच्या कोपऱ्यावरून एक आकृती येताना दिसली. भुवया जळलेल्या, हातांवर फोड. त्यांनी नातू पाहिला आणि ते तिथेच मातीत बसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "फळी मी उचलेल व्हती." अक्का त्यांच्याजवळ गेल्या. "तुन्ही उचली, नं तुन्हीच पाडी," त्या म्हणाल्या. "आते ऊठ, त्या हातले गार पानी लाव."

टोकाच्या खोल्यांची छपरे गेली. दावणीला बांधलेल्या दोन शेळ्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळी मॅनेजर साहेब जळगावहून आले. त्यांनी वस्ती पाहिली, टँकर पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला, "सायरन का दिला नाही?"

"दिला असता तर सगळे प्लँटकडे धावले असते, साहेब. बादल्या घेऊन."

"पण ड्रिल तशी आहे."

"हो. ड्रिल तशी आहे."

मी हे मोठ्याने बोलले होते. त्यांनी 'जरा मोठ्यानं' म्हटले नाही, तेव्हा ते माझ्या लक्षात आले.

सोमवारी कंपनीच्या ट्रकमधून कानबाई बोरी नदीवर गेली. मीही गेले. परतल्यावर मला थंडी वाजून ताप भरला. त्यानंतर कित्येक महिने पेट्रोल पंपापाशी एसटी थांबली की मी नाकाला पदर लावून डोळे मिटून घेई. तरी सीझनच्या पहिल्या दिवशी मी कामावर होते. नवी ड्रिल मला लिहायला सांगितली. ती मी अक्का आणि नानांना बरोबर बसवून लिहिली. सायरन वाजला की माळावर जायचे, प्लँटकडे नाही. तिची तालीम घेताना पहिल्या वेळी माझा आवाज फाटला. दुसऱ्या वेळी कमी फाटला.

पुढे कंपनीने आम्हा काही जणांना संकटकाळातील नेतृत्व या विषयावरच्या शिबिराला धाडले. शिक्षकांनी फळ्यावर 'खंबीर आदेश' असे लिहिले आणि मला अनुभव विचारला. मी म्हणाले, "वस्तीत मी एकच खंबीर आदेश दिला होता. त्यावर मला पोळीचा आग्रह झाला." वर्ग हसला. ज्याचे ऐकतात त्याला विचारावे, एवढेच मी त्या दिवशी शिकले होते; ते फळ्यावर लिहिण्याजोगे वाटले नाही.

फळीला कुलूप बसले आणि किल्ली माझ्याकडे आली. दर श्रावणात अक्का प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहत. "मॅडम, पानी कव्हय सोडतस?" मी टाक्या तपासून, नानांना बरोबर घेऊन, शनिवारी फळी उचलवत असे. नियमांतही एक ओळ वाढली: कानबाईच्या रविवारी टँकर घेऊ नये. एकदा मुंबईहून आलेल्या तपासनिसांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "ही अंधश्रद्धा सेफ्टीच्या नियमांत कशी आली?"

"ती कशी आली, ते हे सांगतील," म्हणत मी नानांना आत बोलावले. त्यांच्या भुवया तोवरही पुरत्या उगवल्या नव्हत्या.