शेवट स्कूटरवर

अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाराचा शो भरतो, त्यात सिनेमाचं कौतुक फार नसतं, एसीचं असतं. बाहेर डांबर वितळत असतं, घरातला कूलर गरम हवाच फिरवत असतो, आणि एका तिकिटात तीन तास गारवा मिळतो. पोस्टरवर कोण आहे हे लोक आत बसून घाम पुसल्यावर विचारतात. मी मात्र सिनेमासाठीच जाते. मारधाडीचा असो, भुताचा असो, दक्षिणेतून हिंदी आवाज लावून आलेला असो, मला चालतो. उन्हाळ्यातले सिनेमे डोक्याला ताप देत नाहीत आणि तेच बरं, ताप बाहेर भरपूर असतो.

माझी अट एकच, शेवट कुणी सांगायचा नाही. हल्ली पहिला शो सुटायच्या आत कुणीतरी फोनवर शेवट टाकून मोकळं होतं. अशा माणसांशी मी बोलणं सोडते; त्यात माझी एक मावसबहीणही आहे. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात, तीही मी सगळी वाचते. झाडूवाल्या बाया पायाशी येऊन उभ्या राहिल्या की मगच उठते.

याला कारण माझे बाबा. लहानपणी थिएटरात आम्ही एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. जठारपेठेतून बाबांच्या स्कूटरवर तिघं जायचो, मी पुढे उभी, आई मागे. स्टँडवाला गाड्या इतक्या खेटून लावायचा की शो सुटल्यावर आपली गाडी निघेपर्यंत भर उन्हात भाजून निघावं लागे. म्हणून व्हिलनला पहिला मार बसला की बाबा उठायचे.

"चाला. आता काय राह्यलं? मारते त्याले अन् संपते."

"थांबा ना जरासं, पाहू द्या मले," आई कुरकुरायची. पण उठायची. मागचे लोक 'बसा ना भाऊ' म्हणून ओरडायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग बाबा स्कूटरवर शेवट सांगायचे. न पाहिलेला. मान अर्धी मागे वळवून, वाऱ्यात ओरडत. त्यांच्या शेवटात व्हिलन मरत नसे. तो मोर्शीला जाऊन संत्र्याचा बगीचा घ्यायचा आणि सुधारायचा. हिरोची आजारी आई दवाखान्यातून चालत घरी यायची. "काहीही सांगता बाप्पा," आई मागून म्हणायची. पुढे तेच सिनेमे टीव्हीवर लागत, पण शेवटाच्या वेळी आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असे. मी पाहायचे, आणि व्हिलन सरळ मरतो हे पाहून मला फसवल्यासारखं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. मी नोकरीमुळे अमरावतीला असते, आई अकोल्यात एकटी. फोनवर ती सगळ्याला 'बरं' म्हणायची. भाजी महाग झाली तरी बरं, नळ आला नाही तरी बरं. जन्मभर कुरकुरणारी बाई कशालाच कुरकुरेना, याची मला फार भीती वाटत होती. यंदा सुट्टी लागल्याबरोबर अकोल्याला आले ते ठरवूनच: हिला एक सिनेमा शेवटासकट दाखवायचा.

"चालते ना सिनेमाले?" मी विचारलं.

"बरं," आई म्हणाली.

डोक्याला दुपट्टा गुंडाळून अकोल्यातच ठेवलेल्या माझ्या मोपेडवर गेलो. सिनेमा एका इन्स्पेक्टरचा आणि एका बिल्डरचा होता. आई बऱ्यापैकी रमली होती. मध्यंतरात समोसाही खाल्ला. शेवटी इन्स्पेक्टरनं बिल्डरला पहिली ठेवून दिली आणि आई पर्स घेऊन उभी राहिली.

"आई, बस ना. गाडी खाली तळघरात आहे, सावलीत. काहून घाई करून राहिली?"

"चाल."

"अवं, आता तं आरामात पाहू शकते शेवट!"

"मले नाई पाहा लागत. चाल तू."

मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ना काकू." मला इतका राग आला की काय सांगू. एवढं ठरवून आणलं, आणि आता अडवणारं कुणी नाही तर ही स्वतःच उठते. पण ती अंधारात पायऱ्या चाचपत निघालीसुद्धा, मग मलाही उठावं लागलं. तळघरात मी रागानंच किल्ली फिरवली. गाडी बाहेर काढली, ती मागे बसली, खांद्यावर हात ठेवला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तोंडावर झळा येत होत्या.

चौक ओलांडल्यावर मागून आवाज आला, "मंग?"

"मंग काय?"

"शेवट सांग ना."

"मी कुठं पाह्यला? तूच तं उठवलं मले!"

"तुह्या बाबानं तरी कोनता पाह्यला होता?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आता सांगणं भाग होतं. मी गाडी हळू केली, मान अर्धी मागे वळवली आणि वाऱ्यात ओरडले, "त्या बिल्डरले सोडून देलं हिरोनं! तो मोर्शीले गेला! संत्र्याचा बगीचा घेतला त्यानं!"

खांद्यावरची तिची बोटं घट्ट झाली. मला वाटलं, चुकलंच आपलं, उगाच आठवण काढली.

"काहीही सांगतं बाप्पा," आई कुरकुरली.