आप्पा उन्हाला गेले

टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात ऊन येत नाही. सकाळी ते समोरच्या बिल्डिंगवर असतं, दुपारी आमच्या गच्चीवर जातं (लिफ्ट बंद!) आणि चारच्या सुमाराला आम्हाला न भेटताच निघून जातं.

बेळगावची थंडी म्हणजे सुख, असं सगळे म्हणतात. असेलही. पण त्या सुखासाठी कुणाला तरी डिंक तळावा लागतो, पावटे सोलावे लागतात आणि आंघोळीचं पाणी माणसागणिक तापवावं लागतं. आमच्या घरात ते 'कुणीतरी' म्हणजे मी. आठवडाभर शाळेत पोरांवर ओरडायचं आणि रविवारी घरात सुख वाटत फिरायचं!

त्या रविवारी सकाळपासून माझे सासरे, आप्पा, उन्हाच्या शोधात होते. आप्पांनी शहापुरात चाळीस वर्षं माग चालवला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून हिवाळाभर त्यांचा एकच उद्योग. बिल्डिंगखालच्या अंगणात ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. म्हणजे त्यांनी सांगायचं आणि मी सरकवायची.

"पोरी, ऊन गेलं बघ पलीकडं."

चार वेळा खाली उतरून खुर्ची हलवली. पाचव्या वेळी, जेवणं झाल्यावर, माझे दोन्ही हात पिठात होते.

"पोरी, ऊन..."

"आप्पा, मला दोनच हात आहेत! जावा की कुठंतरी उन्हाला!"

"बरं," आप्पा म्हणाले, आणि कानटोपी घालून गेले. मी हात धुतले आणि पाच मिनिटं पाठ टेकली.

ती पाठ तीन वाजता उठली. चहाला हाक मारायला खाली गेले तर खुर्ची रिकामी. आप्पांचा मोबाईल घरात चार्जिंगला. नवरा कौदीत (आमच्याकडची गोधडी) गुरफटून घोरत होता.

"अहो उठा, आप्पा नाहीत!"

"असतील गच्चीवर."

"लिफ्ट बंद आहे."

आता तो उठून बसला. "तू त्यांना काही बोललीस?"

(नवऱ्यांना हा प्रश्न बरोबर नको त्या वेळी सुचतो.)

"उन्हाला जावा म्हटलं."

"कुठल्या?"

मी चपला अडकवल्या आणि जिना उतरले. आजूबाजूच्या चार गल्ल्या पालथ्या घातल्या. मग तो स्कूटर घेऊन स्टेशनकडे गेला आणि मी गाडी काढली. गाडीची मागची सीट जुन्या कौद्यांनी भरलेली होती. बेळगुंदीला माहेरी नेऊन विहिरीवर धुवायच्या, म्हणून तीन आठवडे त्या तशाच पडून होत्या. मी पर्स त्या ढिगावर भिरकावली आणि शहापूर गाठलं. रुसलेला माणूस आपल्या जुन्या घरीच जाणार ना?

जुन्या घरात आता माझ्या नणंदबाई, आक्का, राहतात.

"आक्का, आप्पा आलते इकडं?"

"न्हाय गं! का? काय झालं?"

सांगितलं. आक्कांनी तिथंच गळा काढला आणि चपला न घालता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. दार असं आपटलं की अख्खी गाडी हादरली.

मग आम्ही देवळं बघितली, बागा बघितल्या, भाजी मार्केटला दोन फेऱ्या मारल्या. आप्पा नाहीत. आक्कांचं तोंड मात्र चालूच.

"असा बाप मिळायचा न्हाय गं! कधी कुणाला वाकडं बोलला न्हाय."

(आक्कांच्या नवऱ्याला भर मांडवात 'दगड' म्हणाले होते. अख्ख्या गल्लीला पाठ आहे.)

"खरंय आक्का. माझ्या हातच्या चहाला त्यांच्याशिवाय कुणी चांगला म्हणत नाही."

"आन् दिसायला तरी किती रुबाबदार!"

एकमेकींच्या 'हो'ला 'हो' म्हणायची आमची ही पहिलीच वेळ. मला भडभडून आलं. "आक्का, मीच ओरडले हो त्यांच्यावर. आणि डिंकाचे लाडू पिठाच्या डब्यामागं लपवले. शुगर आहे म्हणून! एखादा दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"देवा! लाडू बी दिलं न्हाईस?" आक्कांनी आवाज आणखी चढवला.

शेवटी गाडी पोलीस स्टेशनला लावली. आतले कानडी हवालदार शांत होते.

"काय झालं री? सावकाश सांगा. उंची किती?"

"साडेपाच फूट," मी म्हटलं.

"सहा फूट!" आक्का म्हणाल्या.

"रंग?"

"गोरापान!" आम्ही दोघी एकदम.

(आप्पा सव्वापाच फूट, सावळे. पण हरवल्यापासून ते तासागणिक उंच आणि गोरे होत चालले होते.)

"फोटो हाय काय?"

फोटो मोबाईलमध्ये, मोबाईल पर्समध्ये, पर्स गाडीत. हवालदार कागद घेऊन आमच्याबरोबर बाहेर आले. मी मागचं दार उघडलं. कौद्यांच्या ढिगातून एक कानटोपी वर आली, आणि पाठोपाठ एक हात. हातात माझी पर्स.

"ही घे. मघापासनं पोटावर हाय माझ्या. लई जड हाय गं."

आक्कांनी किंकाळी फोडली. "आप्पा! कवापासनं जागं हाईसा?"

"तू दार आपटलीस तवापासनं." मागाच्या खडखडाटात झोपलेला माणूस, इंजिनाने थोडाच उठणार!

"मग बोलायचं न्हाय व्हय?"

"बोलणारच हुतो. पर तुमी दोघी माझ्याबद्दल लई चांगलं बोलाय लागलासा. मेल्यावर बोलतात ते जित्तेपणी कोण ऐकवतंय? म्हटलं, हू दे."

"पण आप्पा, गाडीत कशाला बसलात?" मी पर्स घेत विचारलं.

"तूच म्हणालीस न्हवं, उन्हाला जावा. गाडीत ऊन हुतं. मागचं दार कुठं लागतंय तुझं!" मग हळूच म्हणाले, "पाऊस लागल्यापासनं शहापूर बघितलं न्हवतं गं. काचंतनं आपली गल्ली बघितली. बरं वाटलं."

मी त्यांची कानटोपी सरळ केली. एवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"सापडले? कुठं होते?"

"गाडीत."

"कुणाच्या?"

मी फोन ठेवून दिला.

आक्का पदराने आप्पांचं तोंड पुसत होत्या आणि आप्पा ते मोठ्या मानाने पुसून घेत होते. हवालदार मात्र अजून कागद धरून उभे होते.

"आता हे काय करू री? सगळं लिहिलोय. हरवलेले तर सापडले." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस सुटलेले, स्वेटर उलटा, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याची. "तुमचं नाव घालू काय? हरवल्यासारख्या तर तुम्हीच दिसतायसा."

"घाला साहेब," मी म्हटलं, "पण मी सापडले तरी दोन दिवस घरी कळवू नका!"