एकच फडकं

ये व पोरी, अशी जवळ येऊन बस. कागदावर का होईना, बस. किती दिवस फुगून राहशील? गाडीतून उतरल्या उतरल्या तू धुळीच्या हातानं बाळंतिणीच्या खोलीत शिरलीस, मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडायचं नव्हतं, ते चुकलं. पण हात धुवायलेच पाहिजे होते. कावून, ते आजवर कोणाले सांगितलं नाही.

कापसाले सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही अकोल्याले, जुन्या शहरात राहत असू. तुझे आजोबा कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात जात. एकदा तिथं भरल्या गाडीचं चाक त्यांच्या हातावरून गेलं. दोन बोटं चेंगरली. बोटंच.

तिथल्याच दवाखान्यात नेलं, निरोप आला तशी मीही गेले. लांब खोली, दोन रांगांत खाटा. रोग्याचं करायले घरचं माणूस राहायचं, तशी मी राहिले. ज्याचं कोणी नाही त्याचंही मीच करी. कापूस सारा विलायतेले चालला होता, घरोघरी चिंधी मिळायची मारामार. म्हणून एकाच फडक्यानं, एकाच घमेल्यातल्या पाण्यानं मी सगळ्यांच्या जखमा पुशी. कोपऱ्यात सडल्या पायाचा एक हमाल होता. ज्याले जास्त दुखतं त्याचं आधी, म्हणून त्याच्यापासून सुरू करायची नि शेवटी आपल्या माणसाकडे यायची. लोक म्हणत, बाई देवमाणूस आहे.

फक्त दाराजवळ पडद्याआड एक सोवळी म्हातारी होती, पाय भाजलेली. ती मले जवळ येऊ देत नसे. "दूर हो गं! माझ्या फडक्याला शिवशील तर बघ!" फडकं तिचं, तांब्या तिचा, फडकं धुऊन उन्हात उंच काठीवर वाळवायची.

"पाय भाजला, पण इचं सोवळं काही भाजलं नाही," हमाल म्हणे. आम्ही हसत असू.

चौथ्या दिवशी तुझ्या आजोबांच्या बोटाले वास येऊ लागला. मग हात काळा पडला. नवव्या दिवशी ते गेले. हमालही गेला. म्हातारी आपल्या पायानं चालत घरी गेली.

मी रडले नाही. अकोल्याले परतलेही नाही. तुझ्या मायले बोलावून घेतलं नि तिथंच फडकी धुवायच्या कामाले राहिले.

डागदर पुण्याकडचे. त्यायले विचारलं. म्हणाले, "अहो बाई, जखम वाईट हवेनं कुजते. खिडक्या उघड्या ठेवा."

"हवा त म्हातारीलेही तीच होती ना, साहेब?"

ते हसले. "मग करून पाहा काय करायचं ते."

केलं. डाव्या रांगेले ज्याचं त्याचं फडकं, उकळून, उन्हात वाळवून. दर खाटेपाशी माझे हात राखेनं धुतलेले. उजव्या रांगेले पहिल्यासारखंच. जखम वास मारू लागली की खाटेच्या पायाले दोऱ्याची एक गाठ. खरं सांगू? मले वाटे, दोन्हीकडे सारख्याच गाठी पडाव्या. मग तुझे आजोबा हवेनंच गेले, माझ्या हातानं नाही, असं झालं असतं.

उजवीकडे गाठी पडत गेल्या. डावीकडे एक पडली. मी पाहत होते, हात चालत होते. उजवीकडच्या एका पिंजाऱ्यानं विचारलं, "बाई, माह्यं फडकं येगळं कावून नाही?" मी घमेलं उचलून पुढच्या खाटेकडे गेले. त्याच्या खाटेले गाठ पडली, त्या दिवशी मी सगळ्यांचीच फडकी उकळायले घेतली. डागदरांनी दोरे पाहिले. या वेळी हसले नाहीत. पिंजारी वाचला नाही.

ते दोरे अजून डब्यात आहेत. उघडून पाहत नाही. वाईटही वाटत नाही आता, काहीच वाटत नाही. हात तेवढे धूत राहते. त्या दिवशी तू बाळंतिणीकडे चाललीस, मले तुझे हात दिसले नाहीत, माझेच दिसले.

लवकर ये व माय. रांजणाजवळ राखेचं मडकं ठेवलं आहे. या खेपेले ओरडणार नाही, तुझ्या हातावर पाणी मीच घालीन.