नकाशाच्या क्रमांकाला आठ घरं

खाणींचे नकाशे सांभाळणाऱ्या नागपूरच्या एका कचेरीत मी नोकरीला होतो. ऐंशीच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत पुण्याचा एक गोड बोलणारा तरुण अधिकारी. गोड बोलणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

आमच्याकडे नकाशाचा क्रमांक बदलत नसे. खाणीत काही बदललं की नवा नकाशा निघे आणि जुन्याच क्रमांकापुढे एक अक्षर जोडलं जाई. या गृहस्थानं कपाटातला सगळ्यात लांब क्रमांक शोधला, त्याची अक्षरं मोजली आणि मशीनमध्ये क्रमांकासाठी नेमकी आठ घरं ठेवली. उद्या अक्षर वाढलं तर, असं मी विचारलं. तेव्हाचं तेव्हा बघू, म्हणाला आणि हसला. ते हसणं मला खटकलं. जागा वाचवून वरच्यांची शाबासकी मिळवायची असेल, नाहीतर आम्हा जुन्या माणसांना बाजूला सारायचं असेल. मी त्याच्यावर डोळा ठेवला.

पावसाळ्यानंतर कन्हानकडच्या एका खाणीचा नवा नकाशा सरकारी मोजणीवाल्यांकडून आला. सोडून दिलेल्या जुन्या बोगद्यात पाणी भरलं होतं, ते त्यात निळ्या रंगानं दाखवलं होतं. क्रमांकाला अक्षर वाढलं. मशीननं ते नववं अक्षर गिळलं आणि हूं की चूं केलं नाही. यादीत उरला तो आधीच्या नकाशाचा क्रमांक. हे माझ्या लक्षात आलं तसा मी यादी घेऊन तडक त्याच्या टेबलाशी गेलो. त्या खाणीत माझा धाकटा भाऊ काम करतो, एवढंच म्हणालो. तो चपापला. संध्याकाळपर्यंत त्यानं आठाची वीस घरं केली, तीही वाद न घालता. इतक्या सहज त्यानं कसं ऐकलं, याचाही मला संशय आला.

रविवारी भाऊ जेवायला आला. मी माझा पराक्रम रंगवून सांगितला. त्याचा घास हातातच राहिला.

"दादा, मागच्या हप्त्यात तुमच्याकडून आमच्या मॅनेजरले नकाशा आला. तो त्या मशीनच्या यादीवरूनच काढला होता का?"

त्यावरूनच काढला होता. इतके दिवस मी त्या माणसाकडे बघत बसलो होतो, बाहेर गेलेल्या नकाशांकडे नाही. आम्ही दोघं ताटावरून उठलो आणि कन्हानची बस धरली.

मॅनेजरनं टेबलावर नकाशा पसरला. त्यावर निळा रंग कुठेच नव्हता. जिथे पाणी होतं, तिथवर खोदायचं म्हणून लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, आणि सोमवारच्या पहिल्या पाळीत माझा भाऊ होता.